दुपारी दोन वाजता दार कोण उघडतं

सप्टेंबर २०२५. इंग्लंडात लेस्टरला लेकीकडे जाऊन मला तीन आठवडे झाले होते. ती तिथे नर्स आहे. रात्रपाळी करून सकाळी नऊला आली, दोन घास खाल्ले आणि वर जाऊन झोपली. जावई ऑफिसला. मी खाली ओट्याशी मेथी निवडत होते आणि समोर साखरेच्या डब्याला टेकवून फोन ठेवला होता. फोनवर आपल्याकडच्या बातम्या लावलेल्या. तिथले दुपारचे दोन म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा. ते दिवस आठवा. मराठवाड्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मांजरा, तेरणा, सिना, सगळ्या नद्या पात्राबाहेर. माझ्या भावाचं सोयाबीन मांजराकाठी आहे. त्याचा फोन दोन दिवस लागत नव्हता, आणि माझा सगळा जीव त्या बातम्यांत होता. तेवढ्यात बेल वाजली.

दार उघडलं. चाळिशीचा एक माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात छोटं यंत्र. अगदी नम्रपणे बोलत होता. मला इंग्रजी कळतं, बोलताना मात्र अडखळते. त्याच्या तीन-चार वाक्यांतून दोनच शब्द मला स्पष्ट ऐकू आले: टीव्ही लायसन्स.

माझ्या पायांतलं बळ गेलं. मी पोस्टात एकोणचाळीस वर्षं नोकरी केली आहे. १९७८ ला लागले आणि पहिली सहा वर्षं लायसन्सच्या टेबलावर होते. लायसन्स नाही म्हणून बोलावलेली बाई कशी उभी राहते, कुठे बघते, पदराच्या टोकाचं काय करते, हे मी काउंटरच्या आतून खूप पाहिलंय. त्या दुपारी मी पहिल्यांदा बाहेरच्या बाजूला उभी होते.

तरुण वाचकांना हे लायसन्स प्रकरण माहीत नसेल, म्हणून आधी आपल्याकडचं सांगते. आपल्याकडे रेडिओ घरात ठेवायला लायसन्स लागायचं. आजोबांची जुनी ट्रंक उघडून बघा, एखादं पुस्तक अजून सापडेल. पासबुकासारखं दिसायचं. आत मालकाचं नाव, पत्ता, रेडिओ कुठल्या कंपनीचा, मॉडेल नंबर काय. दर वर्षी ते पुस्तक घेऊन पोस्टात यायचं, घरगुती रेडिओचे १५ रुपये भरायचे. आम्ही लायसन्स फीचं तिकीट पानावर चिकटवायचो आणि तारखेचा शिक्का असा मारायचो की अर्धा तिकिटावर उमटेल, अर्धा कागदावर. म्हणजे तिकीट उचकटून दुसरीकडे लावता येऊ नये. शिक्का फिका उमटला तर लोक पुस्तक परत सरकवायचे. "बाई, नीट मारा की, तारीख दिसंना." लायसन्स तपासणारा इन्स्पेक्टर आला की त्याच शिक्क्यावर बोट ठेवायचा, हे त्यांना माहीत होतं.

टीव्हीचंही लायसन्स होतं, ५० रुपयांचं. पण मराठवाड्यातल्या बहुतेकांनी ते पाहिलंच नसेल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तरी त्याच्या लहरी आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत काही पोचत नव्हत्या. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह आकाशात गेला, १९८४ मध्ये देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहायला लागली, आणि त्याच १९८४ मध्ये सरकारनं रेडिओ-टीव्हीची लायसन्सं रद्द केली. आमच्याकडे टीव्ही यायला आणि लायसन्स जायला एकच गाठ पडली. म्हणून आपल्या भागात लायसन्स म्हटलं की जुन्या माणसांना रेडिओच आठवतो.

कायदा कडक होता. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा. (१९३३ साली आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे तो आपल्याकडे नंतर आला.) या कायद्यानं रेडिओ ऐकता की नाही हे विचारायचंच नाही. विनापरवाना यंत्र नुसतं बाळगलं की गुन्हा. पहिल्यांदा सापडलं तर १०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलं तर २५० पर्यंत. खास अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला झडती घेण्याचीही मुभा होती. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या घरात १०० रुपये म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

खेड्यात रेडिओ कुणाकडे आहे हे शोधायला इन्स्पेक्टरला काही अवघड जात नसे. जुन्या मोठ्या रेडिओला लांब एरियल लागायची. तांब्याच्या जाळीची पट्टी माळवदावर दोन बांबूंना ताणून बांधलेली असायची. गावात शिरताना मान वर केली की घरं मोजता यायची. आणि इन्स्पेक्टर यायचा तो एसटीच्या वेळेनं, म्हणजे भर दुपारी. त्या वेळी गडीमाणसं रानात. घरात म्हातारी, नाहीतर तान्हं लेकरू घेऊन बसलेली सून. पुस्तक कुठं ठेवलंय हे तिला माहीत नाही. शेवटची तारीख कोणती, माहीत नाही. बऱ्याच जणींना वाचताच येत नव्हतं. पण पोस्टात बोलावल्याची चिठ्ठी तिच्या हातात पडायची आणि अंगठा तिचाच लागायचा.

अशीच एक चिठ्ठी घेऊन १९७९ च्या उन्हाळ्यात एक बाई माझ्या काउंटरवर आली. तिचं नाव सांगत नाही. पस्तीस-चाळीसची असेल. कपाळ मोकळं. डोक्यावर लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं गाठोडं. तिनं ते काउंटरवर ठेवलं आणि गाठ सोडली. आत मर्फीचा रेडिओ. लाकडी खोका, समोरच्या कापडाचा एक कोपरा उंदरानं कुरतडलेला, आणि त्यावर तिनं दुसऱ्या कापडाचं ठिगळ सुईदोऱ्यानं इतकं बारीक घातलेलं की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. सहा कोसांवरून चालत आणला होता तिनं.

"बाई, ह्ये तुमीच ठिवून घ्या. पर मला कोर्टात नगा नेऊ."

मी बावीस वर्षांची होते. मला वाटलं रेडिओ विकायला आणलाय. मग तिनं चिठ्ठी पुढे केली. पुस्तक नवऱ्याच्या नावावर होतं. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि तेव्हापासून फी भरलेली नव्हती. मी वरच्या साहेबांकडे गेले. त्यांनी चिठ्ठी बघितली आणि म्हणाले, दोन सालांचे ३० घ्या, वर नियमाप्रमाणं अधिभार लावा, आणि पुढचं लायसन्स नव्या नावानं काढा. बाई दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मालक तर वारलेत साहेब. मग हे पैशे कुणाकडं निघाले?"

कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. मी जागेवर येऊन बसले आणि पावतीबुक उघडलं. तिनं पदराची गाठ दातांनी सोडली. एकेक रुपयाच्या नोटा होत्या, घामानं मऊ पडलेल्या, आणि बाकी चिल्लर. आठ आणे, चार आणे, दहा पैसे. मी ती चिल्लर रास करून मोजली. कमी पडत होते. तिनं कानामागे हात नेला तसं मी म्हटलं, राहू द्या मावशी, आणि वरचे माझ्याजवळचे घातले. ते फार नव्हते. ही गोष्ट मी चांगुलपणा म्हणून सांगत नाही. बाकीचे सगळे मी घेतलेच की. मोजून घेतले आणि शिक्का मारला.

फॉर्म भरताना विचारलं, मावशी, घरात ऐकतं कोण आता? लेकरं लहान होती तिची. ती म्हणाली, "मालक गेल्यापसून घरात गड्याचा आवाज ह्योच हाय बाई. परभणीवरून शेतीचं सांगतेत, मी ऐकती. औताचं कोण सांगणार मला आता?"

मग तिचं नाव लिहिलं. स्वतःच्या नावाचं सरकारी कागदपत्र तिनं त्याआधी कधी हातात धरलं नव्हतं. कुठं लिवलंय माझं नाव, असं विचारून तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं. पुढची पाच वर्षं ती मुदतीच्या आत येऊन शिक्का मारून नेत होती. १९८४ मध्ये लायसन्स बंद झाल्याचं मी तिला सांगितलं तेव्हा तिनं पंधरा रुपये काउंटरवरून उचलले नाहीत. "मंग ह्या पुस्तकाचं काय करू?" म्हणाली. मी म्हटलं, तुमचंच आहे, ठेवा. त्यानंतर तिची माझी गाठ नाही.

हे सगळं लेस्टरच्या त्या दारात एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं असं म्हणत नाही. त्या क्षणी मला एवढंच सुचलं की वर लेक झोपली आहे, तिला उठवायचं नाही. मी म्हटलं, माय डॉटर स्लीपिंग, नाइट ड्यूटी, प्लीज राइट लेटर. माणूस भला होता. त्यानं मान हलवली, एक कार्ड दिलं आणि गेला. मी दार लावलं. ओट्यावर फोन चालूच होता. मांजरा धरणाचे दरवाजे उघडल्याचं सांगत होते.

संध्याकाळी लेक उठली, जावई आले, आणि टेबलावर ते कार्ड बघून दोघांनी आधीचं एक पाकीट काढलं. भाड्याचं घर घेतल्यापासून अशी पाकिटं येत होती. वर नाव कुणाचंच नाही, या घराचा कायदेशीर रहिवासी एवढंच. जावई म्हणाले, "आई, तुम्ही काळजी करू नका. टीव्ही घरमालकाचा आहे आणि आपण त्यावर नेटफ्लिक्सच बघतो. त्याला लायसन्स लागत नाही." ते खरंच होतं. तिथे नुसता टीव्ही घरात असणं हा गुन्हा नाही. आपल्या १९३३ च्या कायद्यापेक्षा तिथला कायदा या बाबतीत वेगळा आहे. तिथला २००३ चा कायदा बघतो की तुम्ही टीव्हीचा कार्यक्रम प्रसारित होत असतानाच, म्हणजे लाइव्ह, बघता किंवा रेकॉर्ड करता का. २०१६ च्या सप्टेंबरपासून बीबीसीचे कार्यक्रम इंटरनेटवर दाखवणारं आयप्लेअर बघायलाही लायसन्स लागतं, मग कार्यक्रम जुना असला तरी. बाकी जुन्या मालिका, सिनेमे, यूट्यूबवर चढवलेले व्हिडिओ, यांना काही नाही.

लेक नियम मोठ्यानं वाचत होती. कुठलंही चॅनेल. कुठल्याही यंत्रावर, टीव्ही असो, लॅपटॉप असो, फोन असो. परदेशातलं चॅनेल इंटरनेटवरून लाइव्ह बघितलं तरी. इथे ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

"आई, तू दुपारी ओट्यावर लावतेस त्या बातम्या लाइव्ह असतात का गं?"

लाइव्हच होत्या. म्हणूनच तर बघत होते. भावाच्या गावाला पाणी किती चढलं हे मला काल रात्रीच्या रेकॉर्डिंगमधून कसं कळणार? म्हणजे त्या घरात दोन वर्षं लायसन्सची गरज नव्हती आणि ती गरज माझ्यामुळे उत्पन्न झाली होती. दारात तो माणूस विचारत होता तेव्हा खरं उत्तर 'हो' असं होतं, आणि ते देणारी आणि बघणारी बाई मीच होते.

जावई म्हणाले, "फोनवर कोण काय बघतंय हे कुणाला कळतंय आई." मी त्यांना म्हटलं, तुम्ही आज लायसन्स काढा, नाहीतर मी आजपासून बातम्या बंद करते. आणि बातम्या बंद करणं मला त्या दिवसांत शक्य नव्हतं, हे त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असावं. त्या वर्षी रंगीत टीव्हीचं लायसन्स वर्षाला १७४.५० पौंड होतं. आपले सुमारे २० हजार रुपये. त्यांनी त्याच रात्री काढलं. मी भारतात परतल्यावर गरज संपली असं कळवून लेकीनं उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागून घेतले. अशी सोय आहे, ती वापरावी.

भावाचा फोन तिसऱ्या दिवशी लागला. माणसं आणि जनावरं शाबूत होती. सोयाबीन गेलं.

मी लायसन्सच्या विरोधात लिहीत नाहीये, हे स्पष्ट करते. बीबीसी त्या पैशांवर चालते. १९२२ मध्ये रेडिओसाठी १० शिलिंग आणि १९४६ मध्ये टीव्हीसह २ पौंड, अशी ती जुनी पद्धत आहे. जाहिरातदारापुढे हात न पसरणारी बातमी हवी असेल तर कुणीतरी पैसे द्यायलाच हवेत, आणि आमच्या मर्फीवरचा शेतीचा कार्यक्रमही त्या १५ रुपयांतूनच कुठेतरी उभा होता. माझा जीव अडकला आहे तो वसुलीच्या पद्धतीत. तिथे असेपर्यंत मी याबद्दल वाचत राहिले. लेकीनं ग्रंथालयाचं कार्ड काढून दिलं होतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये टीव्ही लायसन्सच्या गुन्ह्यात दोषी ठरणाऱ्या दर चारांपैकी जवळजवळ तीन बायका असतात. चारांत तीन! टीव्ही काय बायकाच बघतात? बीबीसीनं याबद्दल चौकशी केली, तिचा अहवाल २०१७ मध्ये आला. त्यात म्हटलं की बायकांना मुद्दाम धरलं जातं असं दिसत नाही. दिवसा घरी त्या असतात, दार त्या उघडतात, विचारलं तर बोलतात, म्हणून आकडा असा दिसतो. मी ते वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले. कारण हे मला १९७९ पासून माहीत होतं. एसटी दुपारी यायची.

तिथली पद्धत अशी. ज्या पत्त्यावर लायसन्स नाही तिथे आधी पत्रं, मग माणूस. तो दारात प्रश्न विचारतो, उत्तरं लिहून घेतो आणि खाली सही मागतो. तो कागदच पुढे मुख्य पुरावा होतो. खटला घरावर होत नाही, त्या एका माणसावर होतो. दंड १००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. या गुन्ह्याला तुरुंग नाही, पण दंड मुद्दाम भरला नाही तर तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. बहुतेक प्रकरणं आता एकच दंडाधिकारी कागदपत्रं बघून निकालात काढतो. आरोपी समोर नसते. तिनं पत्राचं उत्तर दिलं असेल तर दिलं. घरात आजारपण असेल, नवऱ्यानं पाकीट फोडलंच नसेल, तिला इंग्रजी वाचता येत नसेल, तर तेही कागदावर आलं तरच.

आपल्याकडे पुस्तक नवऱ्याच्या नावाचं आणि पैसे बाईच्या पदराच्या गाठीतून. तिकडे टीव्ही सगळ्या घराचा आणि खटल्यावर नाव दार उघडणारीचं.

हा फौजदारी गुन्हा ठेवावा का, यावर तिथे वाद होत आले आहेत. २०१५ मध्ये एका वकिलांच्या अहवालानं सध्याच्या पद्धतीत तो ठेवावाच असं सांगितलं. माझं मत विचाराल तर मला जर्मनीचं पटतं. तिथे २०१३ पासून टीव्ही आहे का, रेडिओ आहे का, हे विचारायचंच बंद केलं. घरागणिक ठरावीक रक्कम, बस. रक्कम न भरणाऱ्याला नोटीस जाते, पण दुपारी कुणाच्या दारात उभं राहून घरात काय चालू आहे हे बघायची गरज उरत नाही. गरिबाला सूट मिळते. आम्ही १९८४ मध्ये लायसन्स बंद केलं आणि खर्च सरकारी तिजोरीवर आणि जाहिरातींवर टाकला, त्याचेही तोटे पुढे आपण बघितलेच.

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडून पोरांकडे चार-सहा महिने जाणाऱ्या आयांची संख्या आता खूप आहे. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या लेकरांसाठी हे लिहायला घेतलंय, म्हणून कामाचं सांगते. पोरांनो, आई यायच्या आधी हे बघून ठेवा. तुम्ही लाइव्ह बघत नसाल, पण आई बघणार आहे. तिला गावाकडची बातमी हवी, पंढरीची वारी हवी, क्रिकेट हवं. यातलं जे चालू असताना बघितलं जाईल त्याला त्या घराचं लायसन्स पाहिजे. एका घराला एक पुरतं, टीव्ही किती का असेनात. मुलगा होस्टेलच्या स्वतंत्र खोलीत राहत असेल तर त्याचं वेगळं. काहीच लाइव्ह बघत नसाल आणि आयप्लेअरही बघत नसाल, तर लायसन्स लागत नाही असं ऑनलाइन कळवता येतं. पत्रं थांबतात, निदान कमी होतात. आणि ७५ च्या वरच्यांना फुकट असतं असं कुणी सांगितलं तर ते आता जुनं झालं. २०२० पासून ते फक्त पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांना सरकार देतं ती मदत, मिळणाऱ्या तिथल्या वृद्धांना आहे.

आयांनो, तुम्हाला एवढंच. दारात आलेल्या माणसाला घरात घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही. कोर्टाचं वॉरंट असल्याशिवाय त्याला आत येण्याचा अधिकार नाही. ओळखपत्र मागा, कारण लायसन्सच्या नावानं फसवणारेही असतात. उत्तरं देण्याची सक्ती नाही. सही करण्याची तर नाहीच. खोटं बोलायचं नाही. घरच्यांना पत्र लिहा म्हणायचं आणि नमस्कार करून दार लावायचं. पैसे देणं लागत असतील तर ते संध्याकाळी सगळं घर मिळून ठरवेल.

परवा आमच्या गल्लीतल्या एक बाई आल्या होत्या. पुढच्या महिन्यात मुलाकडे इंग्लंडात स्लाउला निघाल्यात. चौथीपर्यंत शिकलेल्या, विमानात पहिल्यांदाच बसणार. काळा मसाला नेऊ देतात का, कारळाची चटणी नेऊ देतात का, हे विचारायला आल्या होत्या. मसाल्याचं बोलणं झाल्यावर मी हा विषय काढला. एका पोस्टकार्डाच्या पाठीवर त्यांना देवनागरीत तीन ओळी लिहून दिल्या. प्लीज शो कार्ड. माय सन इज नॉट ॲट होम. प्लीज राइट टु हिम.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग मी म्हटलं, आता करून बघू. मी बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. त्यांनी साखळी लावून दार बोटभर उघडलं. तिन्ही ओळी न बघता म्हणून दाखवल्या, 'हिम' जरा जोरात. मी म्हटलं, ओके मॅडम, ओन्ली साइन हिअर, आणि फटीतून पेन पुढे केलं.

त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.